थेंजिवेच्या शिवणखोलीतला मोडेम

मित्रांनो, बुलावायो शहराच्या लुवेवे वस्तीत एक शिवणखोली आहे. तिथे खिडकीपाशी, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर मी बसलेला असतो. मी एक जुना मोडेम आहे. मूळचा पांढरा होतो, आता जुन्या दातासारखा पिवळट झालोय. अंगावर चार दिवे, पाठीला काही भोकं, त्यातून निघालेल्या दोन-तीन वायरी, एवढाच माझा देह. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून जे येतं ते उमजून घ्यायचं आणि घरातल्या फोनला, संगणकाला कळेल असं करून पुढे द्यायचं, हे माझं काम. बोलणारा एक, घेणारा दुसरा, आणि मधे मी. मधल्याची कुणी फारशी विचारपूस करत नाही. त्याचं मला वाईट वाटतं असंही नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या आतल्या पाटीवर डाख दिला, दुसरीने झाकण बसवलं, तिसरीने अकरा सेकंद वीज देऊन माझे चारही दिवे लागतात का ते पाहिलं. लागले. मग खोकं, मग जहाज, मग ट्रक, आणि मी बुलावायोतल्या एका जमीनमोजणीच्या कचेरीत आलो. तिथे चार वर्षं टेबलाखाली काढली. येणाऱ्या-जाणाऱ्याचे बूट लागायचे. चालू असलो की कुणाला माझी आठवण नसे, आणि थांबलो की कुणीतरी वाकून टाळूवर एक थापट मारी. पुढे कचेरीने नवा मोडेम आणला आणि मला खणात टाकलं. संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी मी दीड वर्ष होतो. मग कचेरीतल्या टंकलेखिका बाईंनी मला बाहेर काढलं. त्यांचे कपडे थेंजिवे शिवायची. थेंजिवेच्या घरी तार नुकतीच आली होती आणि मोडेम नव्हता. अशा रीतीने मी या फळीवर आलो.

थेंजिवे जन्मापासून बहिरी. वय सेहेचाळीस. कापड हातात घेतलं की बोटांनीच त्याचा स्वभाव ओळखते. तिचा धाकटा भाऊ झेंझो, तोही जन्मापासून बहिरा. दोघं त्शोलोत्शोकडच्या खेड्यात वाढली. बहिऱ्यांच्या शाळेत पाठवायचं ठरलं तेव्हा वडिलांनी थेंजिवेला पाठवलं आणि झेंझोला शेळ्यांमागे ठेवलं. ती लिहा-वाचायला शिकली, हातांची शाळेतली भाषा शिकली, शिवण शिकली. झेंझोकडे मात्र एकच भाषा राहिली. ती या दोन मुलांनी शेळ्या राखताना आपली आपण बनवलेली. तिचे शब्द जगात दोघांनाच ठाऊक. मोठा झाल्यावर झेंझो जोहान्सबर्गला दगड कापण्याच्या कारखान्यात कामाला गेला.

दर रविवारी चार वाजता त्याचं चित्र माझ्यातून यायचं. थेंजिवे संगणकासमोर बसायची आणि दोघांचे हात सुरू व्हायचे. तुम्हाला सांगतो, हातांचं बोलणं वाहून नेणं सोपं नसतं. आवाज थोडा तुटला तर माणसं अंदाजाने जोडून घेतात. हात मधेच गोठला तर अर्धा शब्द हवेत राहतो. म्हणून थेंजिवे माझी काळजी घ्यायची. दर शनिवारी चिंधीने धूळ पुसायची, उन्हाचा कवडसा माझ्यावर आला की पडदा ओढायची. माझ्या दिव्यांकडे इतकं लक्ष देणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं.

आता त्या आठवड्याचं सांगतो. आदल्या रविवारी झेंझोचं चित्र आलंच नव्हतं.

सोमवारी जोहान्सबर्गच्या एका इस्पितळातून थेंजिवेच्या मोबाइलवर लेखी निरोप आला. पाठवणारे डॉक्टर मोखेथी, तिचा क्रमांक त्यांना झेंझोच्या मालकाकडून मिळाला होता. झेंझोच्या पायावर दगडाची लादी पडली होती. पाऊल काळं पडत चाललं होतं आणि गुडघ्याखाली कापावं लागणार होतं. पण झेंझो कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता. इस्पितळाने हातांची भाषा जाणणारा माणूस आणला, तर झेंझोचे हात त्यालाही कळेनात. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "त्याला सगळं समजावून त्याचा होकार घेतल्याशिवाय मी कापणार नाही. गुरुवारी दुपारी दोन वाजता व्हिडिओवर या. त्यापुढे थांबलो तर गुडघाही हातचा जाईल, कदाचित माणूसही."

थेंजिवेने लिहिलं, "येते."

आणि मंगळवारी सकाळी मी बंद पडलो.

बंद म्हणजे अगदी बंद नव्हे. माझा पहिला दिवा विजेचा, तो नीट होता. दुसरा दिवा तारेचा. तो मिचमिचू लागला. मी तारेपलीकडच्या कचेरीला हाक घालत होतो, उत्तर यायच्या आत खरखर यायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून हाक घालायचो. दुसरा जुळला नाही की तिसरा, इंटरनेटचा, लागतच नाही.

थेंजिवेने मला बंद करून चालू केलं. वायरी काढल्या, फुंकल्या, लावल्या. दहा मिनिटं गार होऊ दिलं. पुन्हा लावलं. दुपारपर्यंत तिने हे बारा-तेरा वेळा केलं असेल. मोबाइलवरून व्हिडिओ लावून पाहिला, तर वस्तीच्या टॉवरचा जोर इतका कमी की तिचाच हात पडद्यावर सहा ठिकाणी तुटलेला दिसला. शेवटी तिने माझ्या पाठीवरच्या बारीक भोकात शिवणाची सुई घातली आणि दाबून धरली. ते भोक कशासाठी असतं ते तिला अर्धवट माहीत होतं. सुई आत गेली, माझे चारही दिवे विझले, पुन्हा लागले, आणि माझ्याजवळ लिहून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं. बिघाड मात्र होता तिथेच राहिला. तिला यातलं काही कळलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

बुधवारी सकाळी ती बसने शहरात टेलिफोन कचेरीत गेली. खिडकीवरच्या माणसाने तिचा कागद वाचला आणि त्याच कागदावर एक क्रमांक लिहून दिला. 'तक्रार फक्त या क्रमांकावर, फोनवरून.' तिने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली आणि क्रमांकाखाली एक रेघ ओढली.

परत आल्यावर तिने कापड बेतायच्या टेबलापाशी डॉक्टरांचा निरोप कागदावर उतरवला. मग तो घेऊन शेजारी गेली.

हे जाणं साधं नव्हतं. आमचं घर जोडघर. मधली भिंत एकच, पलीकडे मासिबांडा राहायची. साठीची विधवा, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, आवाज असा की तीन घरं पलीकडची कोंबडी दाणे टाकून पळावी. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. मातीच्या दिवशी थेंजिवे इसित्श्वालाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, पातेलं घेऊन गेली, तर मासिबांडाने ते दारातूनच परत केलं. तेव्हापासून ती थेंजिवेकडे पाहत नसे. का, ते थेंजिवेला माहीत नव्हतं. तिने विचारलं नाही आणि पलीकडून कुणी सांगितलं नाही.

ती परत आली तेव्हा मागोमाग मासिबांडा होती, हातात डॉक्टरांच्या निरोपाचा कागद आणि कानाला मोबाइल.

"कुठाय ते खोकं? हे होय? एवढंसं?" ती मला म्हणाली. मग फोनमध्ये, "हॅलो? अगं बाई, हे माणूस आहे की यंत्र? यंत्रच. एक दाबा म्हणतंय. दाबला बाबा. आता चार दाबा. मी काय पेटी वाजवायला बसलेय?"

बऱ्याच वेळाने एक थकलेला बाईचा आवाज आला. "नमस्कार गोगो. काय मदत करू?"

"गोगो मी माझ्या नातवंडांची. तुझ्यासाठी मासिबांडा. शेजारणीचं यंत्र बंद पडलंय."

"बरं, मासिबांडा. कोणते दिवे लागलेत?"

"पहिला लागलाय. दुसरा मिचमिचतोय, चुलीचा धूर गेलेल्या डोळ्यासारखा."

"बंद करून चालू केलंत का?"

"कालपासून तिने इतक्यांदा केलंय की बटणाला चक्कर आली असेल."

"टेलिफोन लावून ऐकलंत का? त्याच तारेवर? आवाज स्वच्छ आहे का बघायचंय."

"बहिऱ्या बाईच्या घरात टेलिफोन कशाला असेल गं?"

मग तो आवाज जरा हलक्याने म्हणाला, "मग तुम्ही ऐकाल का?"

मासिबांडाने घरून आपला जुना टेलिफोन आणला. माझी तार काढून त्याला लावली, कानाला धरला आणि लगेच दूर केला. "अगंबाई! निखाऱ्यावर कणसं भाजल्यासारखं तडतडतंय!"

"मग यंत्र ठीक आहे. तार खराब आहे. आमचा माणूस सोमवारी येईल."

"सोमवारी? उद्या दोनला त्या पोराच्या पायाचा निवाडा आहे. सोमवारी तुमच्या माणसाला पायाच्या मातीला यायला सांग."

"मला समजतंय हो, मासिबांडा. पण माझ्या हातात एवढंच आहे."

फोन ठेवल्यावर मासिबांडाने बेतायच्या टेबलावरचा शिंपीखडू उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तार खराब. तडतड.' थेंजिवेने शेवटच्या शब्दाखाली खडूने प्रश्नचिन्ह काढलं. तिने ते वाचलं होतं, पण तो शब्द तिच्या कधी अनुभवाला आला नव्हता. मासिबांडाने जरा विचार केला. मग थेंजिवेचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर नखांनी भराभर, वेडंवाकडं खरवडलं. थेंजिवेने मान डोलावली.

मासिबांडा निघणार होती. दारापाशी शिवणमशीन होतं. त्याच्याकडे पाहत ती थांबली, परत आली आणि खडू घेतला. त्यानंतर त्या टेबलावर जे लिहिलं गेलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो.

'तो शेवटचे तीन आठवडे झोपला नाही. तुझं मशीन भिंतीला धडका द्यायचं.'

थेंजिवेने ते दोनदा वाचलं.

'मी मुसळाने भिंत ठोकली. रोज. तू थांबली नाहीस.'

थेंजिवेने त्याखाली लिहिलं. 'भिंत हलायची ते कळायचं. मला वाटायचं, तू मका कांडतेस. नवरा आजारी असून बाई किती कष्ट करते, असं वाटायचं.'

मासिबांडा खाली बसली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे मला ठरवता आलं नाही. तिने डोळे समोर पडलेल्या शाळेच्या गणवेशाच्या बाहीने पुसले. थेंजिवेने ती बाही तिच्या हातातून काढून घेतली, घडी केली आणि तिच्या शेजारी बसून राहिली. टेबल पुसलं कुणी नाही.

गुरुवारी सकाळी सातला मासिबांडा जेवणाची सुरी घेऊन हजर झाली. पाठोपाठ तिने स्टूलही ओढत आणलं. दोन्ही घरांच्या तारा मागच्या भिंतीवर, छपराखाली एका करड्या डबीत येतात. चार वर्षांपूर्वी मासिबांडाचाच टेलिफोन तडतडत होता तेव्हा तिथून मुंग्या निघाल्या होत्या, हे तिला आठवलं होतं. डबीवर 'उघडू नये' असं लिहिलेलं होतं. "लिहिणारा सोमवारी येणार आहे," ती म्हणाली आणि झाकणात सुरी घातली.

आत काळ्या मुंग्यांनी मातीचं घर केलं होतं. मासिबांडाच्या तारा एका बाजूला चकचकीत होत्या. थेंजिवेच्या दोन्ही तारा स्क्रूपाशी हिरव्या पडून फुगल्या होत्या, आणि एक नुसती टेकलेली होती. थेंजिवे स्टुलावर चढली. तिने ब्रशने माती झाडली. शिवण उसवायच्या पात्याने तारेचं साल सोललं, हिरवं तांबं कात्रीने कापून टाकलं, आतलं लाल तांबं दिसेपर्यंत. मग ते स्क्रूभोवती वेढून सुरीच्या टोकाने आवळलं. काजं करणाऱ्या हातांना हे काम जड गेलं नाही. मुंग्या तिच्या कोपरापर्यंत चढल्या, तिने त्या काम संपल्यावर झटकल्या.

साडेदहाला माझा दुसरा दिवा स्थिर झाला. तारेपलीकडून मला मंगळवारनंतर पहिल्यांदाच स्वच्छ उत्तर आलं.

मासिबांडाने टाळी वाजवली. थेंजिवेने मात्र बोटाने माझा तिसरा दिवा दाखवला. तो लाल होता.

मित्रांनो, मंगळवारची सुई इथे नडली. तारेपलीकडच्या कचेरीने मला विचारलं, तू कोण? कुणाच्या खात्याचा? संकेतशब्द काय? आणि मला काहीच आठवत नव्हतं. माझ्याजवळचं नाव आणि संकेतशब्द त्या सुईने पुसले होते. ज्या माणसाने मला इथे जोडलं होतं त्याने ते कुठे लिहून दिले नव्हते.

पुन्हा फोन. या वेळी एक पुरुष होता, चुरचुरीत बोलणारा. पुसलं गेलेलं त्याला लगेच कळलं. "नाव आणि संकेतशब्द नव्याने देतो. खातेदार बोलताहेत का?"

"खातेदार बहिरी आहे. माझ्या शेजारी बसलीय. मी तिच्या वतीने बोलतेय."

"मग त्यांना फोन द्या."

"अरे बाबा, बहिरी आहे म्हटलं ना."

"मला कळतंय, मा. पण नियमाप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या आवाजात पूर्ण नाव लागतं."

मासिबांडाने ते खडूने लिहिलं. लिहिताना खडू मोडला.

थेंजिवेने ते वाचलं. घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. मग तिने हात पुढे करून फोन घेतला, तोंडापाशी धरला आणि आपलं नाव उच्चारलं. मी या घरात सहा वर्षं होतो. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शाळेत असताना बाहेरच्या मुलांनी त्या आवाजाची नक्कल केली होती, तेव्हापासून तिने तो ठेवून दिला होता. जाड, खालून येणारा, मधेच वर उडणारा आवाज. तिने नाव दोनदा म्हटलं.

पलीकडचा माणूस म्हणाला, "आवाज स्पष्ट येत नाहीये. कृपया नंतर प्रयत्न करा." आणि फोन बंद झाला.

थेंजिवेने फोन परत दिला आणि भुवया उंचावल्या. झालं का?

मासिबांडाने तिला खरं सांगितलं नाही. तिने नुसतंच लिहिलं, 'चांगलं बोललीस. आता मी.' ती उठून खोलीत एक येरझार घालून आली. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग तिसऱ्यांदा फोन लावला, आणि एक दाबला, चार दाबला. या खेपेला एक तरुण मुलगी बोलली.

"खातेदार बोलताहेत का?"

"हो," मासिबांडा म्हणाली. "मी थेंजिवे न्काला बोलतेय."

"जन्मतारीख?"

थेंजिवेने लिहिली, मासिबांडाने वाचली.

"आईचं माहेरचं आडनाव?"

मासिबांडाची नजर टेबलाकडे. तिने खडूने प्रश्न लिहिला. थेंजिवे लिहू लागली.

"मॅडम? आईचं आडनाव?"

"थांब गं पोरी. आईला जाऊन वीस वर्षं झाली, नाव नुसतं तोंडावर येत नाही, ती सगळीच येते. मासुकू. मासुकूंची लेक होती ती."

मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "माफ करा हं. लिहून घ्या." तिने एकेक अक्षर सांगितलं, लहान कोणतं, मोठं कोणतं तेही. मासिबांडाने टेबलावर वीतभर उंचीची अक्षरं काढली. एक आकडा सात की एक, यावरून दोन मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर तिने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "रविवारी बोलू आपण. आत्ता कामात आहे."

थेंजिवेने संगणकावरून ती अक्षरं मला दिली. मी ती पलीकडे दिली. दोन वाजायला बारा मिनिटं असताना माझा तिसरा दिवा हिरवा झाला.

दोन वाजता झेंझो आला. इस्पितळाच्या पलंगावर, उशीला टेकून. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. शेजारी डॉक्टर मोखेथी, एक उंच, झोपेने डोळे सुजलेले गृहस्थ, आणि एक परिचारिका. व्यवस्था अशी झाली की डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, मासिबांडा ऐकून टेबलावर आमच्या न्देबेले भाषेत लिहायची, थेंजिवे वाचून हातांनी झेंझोला सांगायची. उत्तर उलट्या वाटेने जायचं. मासिबांडाची इंग्रजी चर्चच्या प्रार्थनेपुरती, तिने डॉक्टरांना तीनदा दरडावलं, "हळू बोला हो, मी काही आगगाडी नाही."

झेंझोने बहिणीला पाहिलं आणि लगेच डाव्या भुवईला दोनदा बोट लावलं.

परिचारिका पुढे झाली. "हे बघा, हे सारखं चालतं. डोकं दुखतं म्हणतो. आम्ही गोळ्या दिल्या, डोक्याचं चित्रही काढलं. काही सापडलं नाही."

मासिबांडाने लिहिलं. थेंजिवेने वाचलं आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. तिच्या डाव्या भुवईत एक जुनी खाच आहे. सहा वर्षांची असताना शेळीने शिंग मारलं होतं. झेंझोच्या भाषेत भुवईला दोनदा बोट लावणं हे तिचं नाव. तो अकरा दिवस सगळ्यांना एकच सांगत होता. थेंजिवे. थेंजिवेला बोलवा.

डॉक्टरांना हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हातातला डोकेदुखीच्या नोंदींचा कागद उलटा ठेवला.

थेंजिवेने त्याला पायाचं सांगितलं. कुठून कापणार, झोपवून कापणार, दुखणार नाही. झेंझोने दोन्ही तळवे जोरात बाहेर ढकलले. नाही. मग त्याचे हात भराभर चालले. शेजारच्या पलंगाकडे बोट, पाय, कापल्याची खूण, झोप, आणि मग रिकामा पलंग. चादर बदलल्याची खूण. पुन्हा रिकामा पलंग.

इथे माझ्या तारेत दोन सेकंद खंड पडला. झेंझोचा हात हवेत थिजला. थेंजिवे इतकी पुढे वाकली की तिचा श्वास पडद्याला लागला. मी पुन्हा जुळलो.

तिने त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग टेबलावर लिहिलं, आणि मासिबांडाने मोठ्याने वाचलं, "तो म्हणतो, शेजारच्या माणसाचा पाय कापलात आणि दुसऱ्या सकाळी पलंग रिकामा. तो मेला. तुम्ही कापता तो मरतो."

डॉक्टरांनी परिचारिकेकडे पाहिलं. मग परिचारिका म्हणाली, "अहो, म्हातारबाबा? ते घरी गेले! मुलगा गाडी घेऊन आला होता. हा झोपला होता तेव्हा."

थेंजिवेने हातांनी एक म्हातारा उभा केला, त्याच्या काखेत कुबड्या दिल्या, मुलगा आणला, गाडी आणली, घराचं दार उघडलं, म्हाताऱ्याला ताटावर बसवलं. झेंझो पाहत होता. त्याने परिचारिकेकडे पाहिलं. तिने बोटांनी जेवण्याची खूण केली आणि मान डोलावली, पुन्हा डोलावली.

मग त्याने बहिणीला विचारलं, ते लिहायची गरज पडली नाही, मासिबांडालाही कळलं. त्याने स्वतःकडे बोट केलं, मग पडद्यातून तिच्याकडे, मग घराची खूण. नंतर मी तुझ्याकडे?

थेंजिवेने मांडीवर दोनदा थाप मारली. त्यांच्या भाषेत तो होकार. झेंझोने आपल्या धडधाकट मांडीवर दोनदा थाप मारली.

बोलणं एकेचाळीस मिनिटं चाललं. माझं अंग बरंच तापलं होतं.

शुक्रवारी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. गुडघा राहिला. ऑगस्टच्या थंडीत, आमच्याकडे तेव्हा हिवाळा असतो, तो बसने आला, काखेत कुबड्या, गळ्यात मालकाने दिलेली लोकरीची शाल. मासिबांडाने त्याच्यासाठी आंबट दुधाचं भांडं भरून ठेवलं होतं आणि तो बहिरा आहे हे ठाऊक असून त्याच्याशी अर्धा तास बोलली. आता तो गणवेशांना बटणं लावतो. शिवणमशीनखाली मासिबांडाने आणून दिलेली घोंगडीची चौपदरी घडी आहे. रविवारी चार वाजता मला काही काम नसतं. भाऊ-बहीण समोरासमोर बसतात, तारेशिवाय.

थेंजिवेने मात्र एक गोष्ट सोडली नाही. तिने टेलिफोन कचेरीला पत्र लिहिलं, की ज्याला ऐकू येत नाही त्याने तक्रार कशी करायची? दीड महिन्याने छापील उत्तर आलं, 'अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर फोन करा.' तेव्हा तिने बहिऱ्यांच्या शाळेतल्या जुन्या सोबत्यांना गोळा केलं. एका सोमवारी चौदा बहिरी माणसं, झेंझो आणि मासिबांडा कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात तोच प्रश्न लिहिलेला कागद. खिडकीवरच्या माणसाने चौदा वेळा तोच कागद वाचला. चौदाव्यानंतर तो उठून आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. आता लेखी निरोपाने तक्रार घ्यायचा एक वेगळा क्रमांक आहे. तो छापलेली चिठ्ठी माझ्या अंगावर चिकटवलीय. जरा वाकडी बसलीय, पण वाचता येते.

वस्तीत काचेची तार, म्हणजे फायबर, टाकायला खड्डे सुरू झालेत, असं मासिबांडा सांगत होती. ती तार आली की माझं काम संपेल. कदाचित पुन्हा एखादा खण मिळेल. असं व्हायचंच.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखणं अवघड नाही. अंगावर कापडं, पुस्तकं रचू नका, वारा लागू द्या. नाव आणि संकेतशब्द कागदावर लिहून घरात ठेवा. दिवा मिचमिचला तर आधी तार तपासा, टोचायची घाई करू नका. आणि आणखी एक. तुमच्या गल्लीत मदतीसाठी फोन करू न शकणारं कुणी राहत असेल, तर त्याचं दार कोणतं ते आजच पाहून ठेवा. बिघाड झाल्यावर ओळख काढत बसायला वेळ पुरत नाही.